उंबरठ्याखालून निघालेले पाणी
(यहेज्केल संदेष्ट्याच्या मंदिरदर्शनाचा अभ्यास)

वाचनासाठी : यहेज्केल, अध्याय ४० ते ४८, विशेषतः ४३:१-१२ आणि ४७:१-१२



आपल्या गावठाणातील वयस्क मंडळी आजही 'चर्चला जातो' असे न म्हणता 'देवळात जातो' असे म्हणतात. हा शब्द जुन्या 'देवकुल' या शब्दापासून आला आहे. देवकुल म्हणजे देवाचे घर. पण देवाला घर लागते का? आणि लागत असेल, तर ते कशाने बांधावे? बायबलमधील संदेष्ट्यांनी हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे. त्याचे सर्वात सविस्तर उत्तर यहेज्केलच्या पुस्तकातील शेवटच्या नऊ अध्यायांत आढळते.

आपल्यापैकी ज्यांनी बायबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याचा संकल्प केला असेल, त्यांना यहेज्केलचा चाळिसावा अध्याय नक्की आठवत असेल. इतके हात लांब, इतके हात रुंद, इतक्या खोल्या, इतक्या पायऱ्या! एखाद्या इंजिनिअरची वही वाचतो आहोत असे वाटते आणि पुष्कळ जण पाने उलटून पुढे जातात. आज आपण पाने न उलटता तेथेच थोडे थांबू या.

१. हे दर्शन कोणाला आणि केव्हा झाले?

यहेज्केल हा याजक कुळातला. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधील राजा, सरदार व कारागीर यांना कैद करून नेले. त्यांच्याबरोबर यहेज्केलही गेला आणि खबार नदीच्या काठी परक्या मुलखात राहू लागला. पुढे इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम शहर पडले आणि शलमोनाने बांधलेले मंदिर जाळण्यात आले. ते मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद आणि ३० हात उंच होते. ते बांधायला सात वर्षे लागली होती (१ राजे ६).

मंदिर पडल्यानंतर चौदाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ५७३ च्या सुमारास, यहेज्केलला हे दर्शन झाले. त्या दिवशी जगात देवाचे मंदिर उभे नव्हते. ज्याचे सेवेचे ठिकाणच राखेत गेले, अशा एका याजकाला देव नव्या मंदिराचे एकेक दालन हिंडून दाखवीत होता. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर त्या रुक्ष वाटणाऱ्या आकड्यांमध्ये आशा दिसू लागते. ज्याचे घर मोडले आहे, त्याला नव्या घराचे माप ऐकून कंटाळा येत नाही.

हा अनुभव आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. धारावी बेटावरच्या चौक गावाच्या टोकावरून खाडीपलीकडे पाहिले, तर वसईचा किल्ला आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीने आपल्यापैकी कित्येक जण पलीकडे गेलेही असतील. त्या किल्ल्यात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांची भव्य चर्चेस होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले आणि काळाच्या ओघात ती चर्चेस ओस पडली. आज त्यांच्या कमानी उभ्या आहेत, पण बहुतेकांवर छप्पर नाही. तरीही खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांमध्ये गुडघे टेकणे थांबले नाही, रोझरी थांबली नाही. छप्पर गेले म्हणून देव गेला नाही.

२. मंदिर पडण्यापूर्वीच महिमा निघून गेला होता

यहेज्केलचे मंदिरदर्शन समजण्यासाठी त्याच पुस्तकातील ८ ते ११ हे अध्याय अगोदर वाचले पाहिजेत. तेथे देव संदेष्ट्याला जुन्या मंदिराच्या आत नेतो. आत मूर्तिपूजा चाललेली असते, देश जुलमाने भरलेला असतो आणि नगर अन्यायाने. मग परमेश्वराचा महिमा एकेक पाऊल मागे सरतो. प्रथम करुबांवरून उठून उंबरठ्यावर येतो, मग पूर्वेच्या दरवाजाशी थांबतो आणि शेवटी नगराबाहेर पूर्वेकडील डोंगरावर जाऊन उभा राहतो. घर सोडून जाणाऱ्या आईसारखे हे जाणे आहे. कोणी तरी हाक मारील म्हणून ती प्रत्येक दाराशी थांबते.

म्हणजे बाबेलच्या सैन्याने जे मंदिर जाळले, ते आधीच रिकामे झालेले होते. यिर्मया संदेष्ट्यानेही मंदिराच्या दाराशी उभे राहून हेच सांगितले होते : परक्याला, अनाथाला व विधवेला छळायचे आणि वर मंदिर आपले आहे म्हणून निर्धास्त राहायचे, हे चालणार नाही (यिर्मया ७).

त्याच वेळी देवाने एक सांत्वनही दिले. दूर देशी पांगलेल्या आपल्या लोकांसाठी तो स्वतःच काही काळ पवित्रस्थान झाला होता (यहेज्केल ११:१६). गाव सोडून नोकरी-धंद्यासाठी आलेल्या माणसाने हे वचन आपल्या हृदयाशी जपून ठेवावे.

३. मापे काय शिकवतात?

दर्शनात एक पुरुष हातात सुताची दोरी आणि मोजण्याची काठी घेऊन उभा आहे. काठी सहा मोठ्या हातांची आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दहा फूट. तो सर्व काही मोजतो. मात्र एक गंमत पाहा. लांबी-रुंदी बारकाईने सांगितली आहे, पण मुख्य मंदिराची उंची सांगितलेलीच नाही! केवळ या मापांवर कोणत्याही कंत्राटदाराला काम सुरू करता येणार नाही. कैदेतून परतलेल्या लोकांनी इ. स. पूर्व ५१५ मध्ये जे दुसरे मंदिर पूर्ण केले, तेही या नकाशाप्रमाणे बांधले नाही. मग देवाने हा नकाशा दाखवला कशासाठी? त्याचे कारण ४३:१०-११ मध्ये आहे : लोकांनी हा नमुना पाहावा, मोजावा आणि आपल्या पापांची त्यांना लाज वाटावी. या मंदिराच्या रचनेतून देव पश्चात्तापाची शाळा भरवीत होता.

भिंत : सभोवती चारही बाजूंनी पाचशे-पाचशे मापाची भिंत आहे. शत्रूला अडवणे हे तिचे काम नाही. पवित्र काय आणि सामान्य काय, हे वेगळे करणे हे तिचे काम आहे (४२:२०). आपल्या दिवसाला अशी भिंत आहे का? प्रार्थनेची पंधरा मिनिटे मोबाइलपासून वेगळी राहतात का?

पायऱ्या : बाहेरच्या दरवाजाला सात पायऱ्या, आतल्या दरवाजाला आठ आणि मंदिराला आणखी पायऱ्या. जसजसे आत जावे, तसतसे वर चढावे लागते. पोप महान संत ग्रेगरी यांनी इ. स. ५९३ च्या सुमारास यहेज्केलवर प्रवचने दिली. त्यांपैकी दहा प्रवचने चाळिसाव्या अध्यायावर आहेत. त्या वेळी लोंबार्ड सैन्य रोमवर चालून आले होते आणि शहर भीतीने ग्रासले होते. ग्रेगरींनी त्या सात पायऱ्यांमध्ये पवित्र आत्म्याची सात दाने पाहिली. सर्वात खालची पायरी देवाचे भय आणि सर्वात वरची ज्ञान. खालची पायरी गाळून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

दरवाजे : आतल्या दालनाचे दार १० हात रुंद आहे, तर परमपवित्रस्थानाचे फक्त ६ हात. देवाच्या जवळ जाताना वाट अरुंद होते. सामानसुमान घेऊन तेथे शिरता येत नाही. पूर्वेच्या दरवाजाने परमेश्वराचा महिमा परत आला आणि मग तो दरवाजा कायमचा बंद ठेवण्यात आला (४४:२). संत अँब्रोज व संत जेरोम यांनी या बंद दरवाजामध्ये पवित्र मरियेच्या कौमार्याचे चिन्ह पाहिले. आपण सारे तिच्याच नावाच्या चर्चेसच्या सावलीत वाढलो आहोत. भाईंदरला नाझरेथ माता, डोंगरीला बेथलेहेम माता. त्यामुळे हा अर्थ आपल्याला लगेच पटतो.

वेदी : अंगणाच्या मध्यभागी वेदी आहे. तेथे अर्पणावर मीठ टाकायला सांगितले आहे (४३:२४). या मिठाकडे आपण पुन्हा येऊ.

संत जेरोम यांचे नाव वर आले. काशीमिरा येथील चर्च त्यांच्याच नावाने आहे. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा ते बेथलेहेममध्ये यहेज्केलच्याच पुस्तकावर भाष्य लिहायला बसले होते. रोमहून निराश्रितांचे लोंढे तेथे पोहोचू लागले. तेव्हा जेरोम यांना लेखणी बाजूला ठेवून त्यांची सोय पाहावी लागली. मंदिराच्या नकाशाचा अर्थ सांगणाऱ्याला दारी आलेल्या माणसासाठी उठावे लागले. यहेज्केलचे याहून चांगले भाष्य कोणते असणार?

४. मंदिरात जे नाही

शलमोनाच्या मंदिरात कराराचा कोश होता. अंगणात बारा बैलांच्या पाठीवर उभा असलेला पितळेचा मोठा गंगाळसागर होता. याजक त्यातल्या पाण्याने शुद्ध होत. बाबेलच्या सैनिकांनी तो गंगाळसागर फोडून त्याचे पितळ नेले (२ राजे २५:१३). यहेज्केलच्या नव्या मंदिरात कोशाचाही उल्लेख नाही आणि गंगाळसागराचाही नाही. मग शुद्धीसाठी पाणी कोठून येणार? संदेष्ट्याला मंदिराच्या दाराशी परत नेण्यात येते आणि तेथे त्याला दिसते, की उंबरठ्याखालून पाणी झिरपत आहे.

जुन्या मंदिरात पाणी भांड्यात साठवलेले होते आणि ते याजकांसाठी होते. नव्या मंदिरातले पाणी वाहते आहे आणि ते बाहेर जाते आहे. सगळ्या दर्शनाचा कळस येथे आहे.

५. पाणी खोल होत जाते

तो पुरुष हजार हात मोजतो : पाणी घोट्याइतके. आणखी हजार : गुडघ्याइतके. आणखी हजार : कमरेइतके. आणखी हजार : आता पोहावेच लागेल, चालून पार होता येणार नाही. वाटेत त्याला कोणतीही उपनदी मिळत नाही, तरी ते वाढत जाते. आपण देवाची कृपा दुसऱ्याला वाटली, तर ती कमी होत नाही. उलट उगमापासून जितकी लांब जाते, तितकी खोल होते.

हे पाणी वाहत वाहत मृत समुद्राला मिळते. तेथे मासा जगत नाही, एवढा तो खारट आहे. पण मंदिराचे पाणी पोहोचताच तो बरा होतो. एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी उभे राहतात, जाळी वाळत घालतात आणि नाना जातीची मासळी विपुल होते. दोन्ही तीरांवर झाडे वाढतात. त्यांना दर महिन्याला फळ येते आणि त्यांची पाने औषधी असतात.

उत्तन, पाली, चौक येथील आपल्या बांधवांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. जाळी वाळत घालायला मोकळी जागा असणे म्हणजे समुद्र जिवंत असणे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? आणि समुद्र आजारी पडतो म्हणजे काय, तेही त्यांनाच ठाऊक आहे. आज जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येते. उत्तनच्या धावगी डोंगरावर साठणाऱ्या शहराच्या कचऱ्याबद्दल तेथील रहिवासी अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. तो कचरा कोणा परक्याचा नाही. आपल्या घरातल्या, आपल्या लग्नसमारंभातल्या आणि आपल्या सणांतल्या पिशव्या व थर्माकोलच्या प्लेटी त्यात आहेत. यहेज्केलच्या दर्शनात मंदिरातून समुद्राकडे जीवन जाते. आपल्या घरातून समुद्राकडे काय जाते?

६. खाजणातले मीठ

या दर्शनातील एक ओळ पुष्कळ प्रवचनांत सुटून जाते. समुद्र गोड होतो, पण दलदलीच्या व खाजणाच्या जागा मात्र खाऱ्याच ठेवल्या जातात, मिठासाठी (४७:११). काही भाष्यकार यात इशारा पाहतात : जे वाहत्या कृपेपासून बाजूला पडून राहतात, ते खारेच राहतात. दुसरे म्हणतात, ही देवाची काळजी आहे. मीठ नसेल, तर अन्नाला चव नाही आणि वर पाहिल्याप्रमाणे वेदीवर अर्पणही नाही.

ज्यांच्या वाडवडिलांनी भाईंदर-मिऱ्याच्या मिठागरांत भरतीचे पाणी आत घेऊन, उन्हात आटवून, पाय सोलवटून मीठ काढले, त्यांना दुसरा अर्थ जवळचा वाटेल. देव खाजणालाही विसरत नाही. सगळ्यांनी सारखेच व्हावे असा त्याचा हट्ट नाही. घामाने मिळवलेले खारट मीठही त्याला आपल्या वेदीवर हवे आहे.

७. जमिनीची वाटणी

मंदिराच्या नकाशामध्येच देवाने काही सामाजिक नियम घातले आहेत, हे पाहून आश्चर्य वाटते. तराजू व मापे खरी असावीत (४५:१०). अधिपतीने लोकांना त्यांच्या वतनावरून हुसकावून लावू नये (४६:१८). आणि सर्वात नवलाची आज्ञा : तुमच्यामध्ये राहणाऱ्या, तुमच्यामध्ये ज्यांना मुलेबाळे झाली अशा परक्यांनाही, जन्माने इस्राएली असलेल्यांप्रमाणेच जमिनीत वाटा मिळावा (४७:२२-२३).

बंधू-भगिनींनो, हा नियम जणू आपल्या धर्मग्रामासाठी लिहिला आहे. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. गावठाणातले ईस्ट इंडियन, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे, मुंबईच्या चाळींतून आलेले असे सारे एकाच वेदीभोवती येतात. तरीही मिस्सा संपल्यावर फाटकाशी वेगवेगळे घोळके उभे राहतात. 'हे चर्च आमच्या पूर्वजांनी बांधले' असे एक घोळका म्हणतो. 'आम्हांला येथे कोणी विचारीत नाही' असे दुसरा म्हणतो. दोन्ही वाक्यांत थोडे सत्य आहे. पूर्वजांच्या घामाची आठवण ठेवलीच पाहिजे, आणि नव्याने आलेल्याला वाटाही दिलाच पाहिजे. परक्याला वाटा देण्यास यहेज्केलचा देव 'दया' म्हणत नाही. तो त्याला वतन म्हणतो, म्हणजेच हक्क.

८. ख्रिस्त हेच मंदिर

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिरही पाडले. पण त्याअगोदरच प्रभू येशूने आपल्या शरीराविषयी मंदिर म्हणून सांगितले होते (योहान २:१९-२१). संत योहान पुढे लिहितो, की क्रुसावर भाल्याने प्रभूची कूस भोसकली गेली, तेव्हा रक्त व पाणी बाहेर आले (१९:३४). ख्रिस्तसभेच्या पूर्वाचार्यांनी या जखमेतून संस्कार वाहताना पाहिले. यहेज्केलने उंबरठ्याखालून जे पाणी निघताना पाहिले, त्याचा उगम आपल्याला तेथे सापडतो.

म्हणूनच पुनरुत्थानकाळात मिस्सेच्या आरंभी पवित्र पाणी शिंपडताना जे पारंपरिक लॅटिन गीत गातात, ते याच सत्तेचाळिसाव्या अध्यायावर आधारलेले आहे. दर वर्षी ९ नोव्हेंबरला रोममधील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण येतो. त्या दिवशीही याच अध्यायातील वाचन होते आणि त्याच्या जोडीला शुभवर्तमानात येशू मंदिर शुद्ध करतो तो प्रसंग वाचला जातो.

आणि आपण? संत पौल आपल्याला देवाचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ३:१६) आणि संत पेत्र आपल्याला जिवंत धोंडे म्हणतो (१ पेत्र २:५). धोंडा एकटा असेल, तर वाटेत अडखळण होतो. दुसऱ्याशेजारी बसवला, तरच भिंत होते. नव्या चर्चच्या समर्पणविधीत बिशप वेदीला आणि भिंतींना पवित्र तेल लावतात. स्नानसंस्कारात तेच तेल आपल्या मस्तकावर लावलेले आहे.

शेवटी प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहानाला स्वर्गीय यरुशलेम दिसते. त्यात मंदिर नाही, कारण प्रभू परमेश्वर आणि कोकरू हेच त्याचे मंदिर आहेत (२१:२२). नदी मात्र तेथेही वाहते आहे आणि झाडांची पाने तेथेही औषधी आहेत. यहेज्केलचे पुस्तक नगराच्या नव्या नावाने संपते : यहोवा-शम्मा, म्हणजे परमेश्वर तेथे आहे. इतकी मापे घेतल्यानंतर शेवटी उरते ती देवाची उपस्थिती.

येत्या रविवारी मिस्सा संपवून बाहेर पडताना आपल्या चर्चच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबा. पाणी त्या उंबरठ्याखालून पूर्वी निघाले आणि आजही निघत असते. ते बाहेर नेणारे पाय आपले आहेत.

समूहाच्या सभेत विचार करू या

१. आपल्या घरातून, आपल्या व्यवहारातून देवाचा महिमा एखादे पाऊल मागे सरला आहे का? कोणत्या दाराशी तो थांबला आहे?
२. आपल्या इमारतीत किंवा गावात नव्याने आलेले कोणते कुटुंब अजून कोणी विचारपूस न केलेले आहे? या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाईल?
३. खाडी व समुद्र निरोगी राहावा म्हणून आपला समूह कोणती एक सवय सोडू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमचे खरे मंदिर आहेस. तुझ्या कुशीतून वाहणाऱ्या पाण्याने आम्हांला शुद्ध कर. आमच्या मनाची बंद दारे उघड, आमची मापे खरी कर, आणि आमच्या शेजाऱ्याला आमच्यामध्ये वाटा मिळू दे. आमच्या समुद्रावर, खाडीवर, मिठागरांवर आणि या वाढत्या शहरावर तुझी कृपा वाहू दे. येथे येणाऱ्या प्रत्येकाला कळू दे की परमेश्वर येथे आहे. आमेन.